निळ्या किरणाची भाऊबंदकी

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांत सरस कोणती होती? डिस्कचा जमाना ओसरला तरी हा प्रश्न अजून विचारला जातो. विचारणाऱ्याने उत्तरही मनात धरलेले असते: बाजारात ब्लू-रे टिकली, म्हणजे तीच सरस असणार. पण या दोघींना शेजारी ठेवून पाहिले, तर आधी नजरेत भरते ते साम्य. दोन्हींचा व्यास 12 सेंटीमीटर. दोन्हींची जाडी 1.2 मिलिमीटर. दोन्ही एकाच तरंगलांबीच्या निळ्या-जांभळ्या लेझरने वाचल्या जात. दोन्हींवरचे चित्र 1920 गुणिले 1080 बिंदूंचे. चित्राची माहिती आवळून बसवण्याच्या पद्धतीही त्याच. तरीही एकीची डिस्क दुसरीच्या प्लेअरमध्ये चालत नसे.

मग एकाच कामासाठी दोन डिस्क निघाल्याच का? आणि दोन वर्षे पुरी होण्याआधीच त्यांतली एक कायमची बाद कशी झाली? आधी तंत्र समजून घेऊ, मग बाजाराकडे वळू.

1. डीव्हीडी कुठे कमी पडली?

डीव्हीडी 1996च्या नोव्हेंबरात जपानमध्ये विक्रीला आली. तिच्या एका थरात 4.7 जीबी माहिती मावते. त्या काळच्या टीव्हीसाठी ते पुरेसे होते. भारतात चालणाऱ्या पद्धतीत डीव्हीडीचे चित्र 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 बिंदूंचे असते. हाय डेफिनिशन चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 बिंदू असतात. भागाकार करून पाहा, बरोबर पाचपट.

आता एक हिशेब करू. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी 3 बाइट धरले, तर हाय डेफिनिशनची एक चौकट सुमारे 6.2 मेगाबाइटची होते. सिनेमात सेकंदाला 24 चौकटी असतात, म्हणजे सेकंदाला जवळपास 149 मेगाबाइट. दोन तासांत 7,200 सेकंद. एकूण बेरीज 1,075 जीबीच्या घरात जाते. काहीच न आवळता हा सिनेमा साठवायचा, तर सव्वादोनशेहून अधिक डीव्हीडी लागतील.

अर्थात, सिनेमा असा कच्चा कोणी साठवत नाही. लागोपाठच्या चौकटींमध्ये बराचसा भाग तोच असतो, म्हणून फक्त बदललेला भाग नोंदवून माहिती आवळली जाते. याला कॉम्प्रेशन म्हणतात. चांगल्या कॉम्प्रेशनने सेकंदाला 3 मेगाबाइटमध्ये उत्तम हाय डेफिनिशन चित्र बसते. म्हणजे दोन तासांना साधारण 22 जीबी. डीव्हीडीच्या एका थरात 4.7, दोन थरांत 8.5 जीबी. त्यामुळे नवी डिस्क काढणे भाग होते.

2. किरण बारीक, तर अक्षर बारीक

डिस्कवर माहिती असते ती सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात. हे खड्डे मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या एका सर्पिल वाटेवर मांडलेले असतात. लेझरचा ठिपका त्या वाटेवरून सरकतो, आणि परतणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून यंत्र 0 आणि 1 ओळखते.

जाड बोरूने पानावर दहा ओळी बसतात, तर बारीक टाकाने तीस. कागद तोच, टोक बदलले. डिस्कचे तसेच आहे. तिचा आकार वाढवायचा नसेल, तर ठिपका बारीक करायला हवा. ठिपका बारीक झाला की खड्डे लहान करता येतात आणि वाटेचे वेढे जवळजवळ आणता येतात.

ठिपका किती बारीक होईल, हे दोन गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट प्रकाशाची तरंगलांबी. सीडीला 780 नॅनोमीटरचा, नजरेच्या टप्प्याजवळचा अवरक्त किरण लागायचा. डीव्हीडीला 650 नॅनोमीटरचा लाल. त्याहून आखूड तरंगलांबी म्हणजे निळा किंवा जांभळा रंग. पण निळा प्रकाश देणारा छोटा, स्वस्त, टिकाऊ लेझर बरीच वर्षे कोणालाच साधत नव्हता. गॅलियम नायट्राइड या पदार्थाचे निर्दोष स्फटिक वाढवणे हीच मोठी अडचण होती. जपानमधल्या निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये तेजस्वी निळा एलईडी बनवला आणि पुढच्या काही वर्षांत निळा-जांभळा लेझरही. निळ्या एलईडीसाठी 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल नाकामुरा, इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांना मिळाले.

या संशोधनातून 405 नॅनोमीटरचा किरण हाती आला, आणि दोन्ही डिस्कना तोच किरण मिळाला. इथपर्यंत दोघींचा संसार एकत्र होता.

3. वाटणी झाली ती भिंगावरून

ठिपका ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे भिंग. भिंग जितक्या रुंद कोनातून किरण गोळा करून एका जागी आणते, तितका ठिपका लहान. हा रुंदपणा एका अंकाने सांगतात. डीव्हीडीच्या भिंगाचा अंक 0.60. एचडी डीव्हीडीने तो 0.65 एवढाच वाढवला. ब्लू-रेने थेट 0.85 केला.

ठिपक्याची रुंदी तरंगलांबी भागिले भिंगाचा अंक या प्रमाणात बदलते. आकडे घालून पाहू.

डीव्हीडी: 650 भागिले 0.60, म्हणजे सुमारे 1,083.
एचडी डीव्हीडी: 405 भागिले 0.65, म्हणजे सुमारे 623.
ब्लू-रे: 405 भागिले 0.85, म्हणजे सुमारे 476.

ही झाली रुंदी. डिस्कवर माहिती मावते ती क्षेत्रफळात, म्हणून गुणोत्तराचा वर्ग करायचा. डीव्हीडीच्या मानाने एचडी डीव्हीडीचा ठिपका क्षेत्रफळाने तिपटीने लहान, तर ब्लू-रेचा पाचपटीहून थोडा अधिक लहान. डीव्हीडीच्या 4.7 जीबीला तीनने गुणले की 14 येतात, सव्वापाचच्या आसपास गुणले की 24. प्रत्यक्षात एचडी डीव्हीडीच्या एका थरात 15 जीबी मावत आणि ब्लू-रेच्या एका थरात 25. उरलेला थोडासा फरक खड्ड्यांच्या मांडणीतल्या सुधारणांचा.

मग एचडी डीव्हीडीवाल्यांनीही 0.85 चे भिंग का घेतले नाही? कारण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. रुंद कोनातून येणारा किरण डिस्क किंचित तिरकी झाली तरी विस्कटतो. माहितीच्या थरावर जितके जाड प्लास्टिक, तितके विस्कटणे जास्त. म्हणून ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागाखाली अवघ्या 0.1 मिलिमीटरवर आणावा लागला. डीव्हीडीत तो 0.6 मिलिमीटर खोल, डिस्कच्या मधोमध असतो.

एवढ्या फरकाने दोन मोठी कामे वाढली. एक, वरचे आवरण इतके पातळ की बोटांचे ठसे आणि ओरखडे लगेच बाधणार. जपानमध्ये 2003 मध्ये सोनीने पहिला ब्लू-रे रेकॉर्डर आणला तेव्हा डिस्क प्लास्टिकच्या डबीत बंद करूनच द्यावी लागली. ती डबी डिस्कसकट यंत्रात जायची. टीडीके कंपनीने कठीण लेप शोधल्यावर डबीची गरज संपली. दोन, डीव्हीडी छापणाऱ्या कारखान्यांची यंत्रे ब्लू-रेला जशीच्या तशी चालणार नव्हती. 0.1 मिलिमीटरचे एकसारखे आवरण चढवण्यासाठी नवी यंत्रे घ्यायची होती.

एचडी डीव्हीडीचा माहितीचा थर डीव्हीडीसारखाच 0.6 मिलिमीटरवर राहिला. जुन्या कारखान्यात थोडे फेरफार केले की ती छापता येत होती. एका बाजूला डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी अशी दुहेरी डिस्कही निघाली. जागा हवी असेल तर जुनी सोय सोडा, सोय हवी असेल तर जागा सोडा, असा हा सौदा होता. दोन्ही निर्णय शहाणपणाचे होते, फक्त दोघांनी वेगवेगळी गोष्ट महत्त्वाची मानली.

4. समेट का झाला नाही?

कंपन्यांचे असे भांडण याआधीही लागले होते आणि मिटलेही होते. 1995 मध्ये डीव्हीडीचेच दोन प्रस्ताव समोरासमोर होते: एका बाजूला सोनी आणि फिलिप्स, दुसऱ्या बाजूला तोशिबा, मात्सुशिता आणि टाइम वॉर्नर. तेव्हा संगणक कंपन्यांनी दोघांनाही बजावले की दोन प्रकार आम्ही चालवून घेणार नाही. आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर यांनी मध्यस्थी केली आणि एकच डीव्हीडी जन्माला आली.

दुसऱ्या खेपेला मात्र तडजोड फसली. 19 फेब्रुवारी 2002 रोजी सोनी, फिलिप्स, मात्सुशिता, सॅमसंग, पायोनियर यांच्यासह नऊ कंपन्यांनी ब्लू-रेची घोषणा केली. त्याच वर्षी तोशिबा आणि एनईसी यांनी आपला वेगळा प्रस्ताव मांडला, तीच पुढे एचडी डीव्हीडी. डीव्हीडीचे नियम ठरवणाऱ्या डीव्हीडी फोरमने तिला मान्यता दिली. 2005 मध्ये सोनी आणि तोशिबा यांच्यात एकत्र येण्याची बोलणी झाली, पण 0.1 की 0.6 मिलिमीटर याच मुद्द्यावर गाडी अडली. इथे मधला रस्ता निघत नाही. थर एक तर इथे असतो, नाही तर तिथे.

आणि मुद्दा एकट्या थराचा नव्हता. प्रत्येक डिस्क आणि प्रत्येक प्लेअर विकला की पेटंट असणाऱ्यांना स्वामित्वधन मिळते. डीव्हीडीच्या पेटंटांवर तोशिबाची कमाई चालू होती. नवी डिस्क डीव्हीडीच्या वंशातली राहिली, तर तो ओघ टिकणार होता. सोनीच्या मनात वेगळी सल होती. तिची बीटामॅक्स कॅसेट 1975 मध्ये आली. वर्षभराने आलेल्या जेव्हीसीच्या व्हीएचएसने तिला बाजारातून उठवले. सिनेमे ज्याच्या बाजूला, बाजार त्याचा, हा धडा सोनीने घेतला होता. 1989 मध्ये तिने कोलंबिया पिक्चर्स हा हॉलिवूडचा स्टुडिओच विकत घेतला. पुढच्या युद्धात निदान एक स्टुडिओ तरी आपल्याशी फितूर होणार नाही, याची ती तजवीज ठरली.

5. बाजारात पहिली फेरी कोणाची?

एचडी डीव्हीडीचा पहिला प्लेअर जपानमध्ये 31 मार्च 2006 रोजी आला, अमेरिकेत पुढच्याच महिन्यात, किंमत 499 डॉलर. जूनमध्ये सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर आला, किंमत जवळपास दुप्पट, 999 डॉलर.

तोशिबाचा तो पहिला प्लेअर, एचडी-ए1, उघडून पाहिला तर आत चक्क एक संगणक निघत असे: इंटेलचा पेंटियम 4 प्रोसेसर, एक जीबी मेमरी आणि लिनक्स. या कामासाठी खास चिप अजून तयार झाल्या नव्हत्या, म्हणून हा जुगाड. बटण दाबल्यावर सिनेमा सुरू व्हायला चांगलाच वेळ लागे, कारण आतला संगणक आधी सुरू व्हावा लागे. एवढे सामान भरून 499 डॉलरला विकायचे म्हणजे तोशिबा पदरचे पैसे घालत होती.

चित्राच्या बाबतीत सुरुवातीला उलटाच प्रकार झाला. जागा जास्त असलेल्या ब्लू-रेच्या पहिल्या डिस्क एकाच थराच्या होत्या, आणि त्यांवर डीव्हीडीच्या काळातली एमपेग-2 ही जुनी कॉम्प्रेशन पद्धत वापरली होती. एचडी डीव्हीडीवर व्हीसी-1 ही नवी पद्धत होती. त्यामुळे कमी जागेतही एचडी डीव्हीडीचे चित्र पहिल्या महिन्यांत अधिक उठावदार ठरले. पुढे ब्लू-रेने दोन थर आणि नव्या पद्धती घेतल्यावर हा फरक बुजला. नंतर दिवाणखान्यातल्या टीव्हीवर दोन्हींतला फरक सांगणे कठीण होते.

6. खेळण्यातून शिरलेला प्लेअर

नोव्हेंबर 2006 मध्ये सोनीने प्लेस्टेशन 3 बाजारात आणले. हे गेम खेळायचे यंत्र, पण त्यात ब्लू-रेचा प्लेअर आपसूक बसवलेला. किंमत 499 आणि 599 डॉलर. निळ्या लेझरचे डायोड पुरेसे मिळेनात म्हणून युरोपातली विक्री मार्च 2007 पर्यंत लांबली, आणि प्रत्येक यंत्रामागे सोनीला तोटा होत होता. तरी घेणारा गेमसाठी यंत्र घेई आणि ब्लू-रे प्लेअर त्याच्या घरात नकळत येऊन बसे.

मायक्रोसॉफ्ट एचडी डीव्हीडीच्या बाजूने होती, पण तिच्या एक्सबॉक्स 360 मध्ये हा प्लेअर आत नव्हता. 199 डॉलर जास्त देऊन वेगळा डबा घ्यावा लागे. गेम खेळणाऱ्याला त्याची गरज नव्हती, म्हणून बहुतेकांनी तो घेतला नाही. 2007 संपताना प्लेस्टेशन 3 ची संख्या जगभरात कोटीच्या आसपास पोहोचली होती. एचडी डीव्हीडीची यंत्रे सगळी मिळून 10 लाखांच्या घरात होती.

तोशिबाने किंमत उतरवून उत्तर दिले. नोव्हेंबर 2007 मध्ये वॉलमार्टने तोशिबाचा एचडी-ए2 हा प्लेअर 98.87 डॉलरला लावला आणि लोकांनी त्यावर उड्या टाकल्या. पण इतक्या स्वस्तात दुसरी कोणती कंपनी एचडी डीव्हीडीचा प्लेअर बनवायला धजणार? किंमत पडली तसे तोशिबाचे संभाव्य साथीदारही दूर राहिले.

7. सिनेमे कोणाकडे?

गिऱ्हाईक डिस्क विकत घेते ती सिनेमासाठी. म्हणून खरी ओढाताण हॉलिवूडमध्ये चालली होती. सोनी पिक्चर्स, डिस्ने आणि फॉक्स फक्त ब्लू-रेवर. युनिव्हर्सल फक्त एचडी डीव्हीडीवर. पॅरामाउंट आणि वॉर्नर दोन्हींवर. दुकानात निळ्या आणि लालसर डब्यांच्या वेगळ्या रांगा लागल्या. घरात ज्या रंगाचा प्लेअर, त्या रंगाचेच सिनेमे पाहायचे.

स्टुडिओंना ब्लू-रेकडे ओढणारे एक कारण नकल रोखण्याचे होते. मूळ कुलूप दोन्हींना एकच होते, पण ब्लू-रेवर बीडी+ नावाचे जादा कुलूप होते. शिवाय एचडी डीव्हीडी जगात कुठेही चालायची, तर ब्लू-रेने जगाचे ए, बी, सी असे विभाग पाडले होते. भारत सी विभागात येतो. ग्राहकाला ही कटकट, पण अमेरिकेत आधी आणि इतरत्र नंतर सिनेमा लावणाऱ्या स्टुडिओला हीच सोय.

ऑगस्ट 2007 मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन यांनी ब्लू-रे सोडून फक्त एचडी डीव्हीडी धरली. त्यांना एकूण 15 कोटी डॉलरच्या सवलती मिळाल्याचे वृत्त न्यू यॉर्क टाइम्सने दिले. पारडे झुकले असे वाटले, पण ते फार दिवस टिकले नाही.

8. दीड महिन्यात खेळ खलास

4 जानेवारी 2008 रोजी वॉर्नरने जाहीर केले की मे महिन्यानंतर आम्ही फक्त ब्लू-रे काढू. डीव्हीडीच्या विक्रीत आघाडीवर असलेला हा स्टुडिओ, आणि 1995 च्या भांडणात तोशिबाच्याच गोटातला. दोन दिवसांवर लास व्हेगासमध्ये एचडी डीव्हीडी गटाची पत्रकार परिषद होती. ती रद्द झाली.

त्यानंतर दुकानदारांनी वारे ओळखले. 11 फेब्रुवारीला नेटफ्लिक्सने, म्हणजे तेव्हाच्या टपालाने डिस्क भाड्याने पाठवणाऱ्या कंपनीने, ब्लू-रे निवडली. 15 तारखेला वॉलमार्टने एचडी डीव्हीडी काढून टाकण्याचे ठरवले. 19 फेब्रुवारी 2008 रोजी तोशिबाचे अध्यक्ष अत्सुतोशी निशिदा यांनी उत्पादन थांबवत असल्याचे सांगितले. ब्लू-रेच्या घोषणेला त्याच दिवशी सहा वर्षे झाली होती. दुसऱ्याच वर्षी तोशिबाने स्वतः ब्लू-रे प्लेअर काढायला घेतले.

9. मग सरस कोणती?

साठवणुकीत ब्लू-रे सरस होती. कारखान्याच्या आणि प्लेअरच्या खर्चात एचडी डीव्हीडी सरस होती. चित्रात दोघी बरोबरीच्या. निकाल यांतल्या कशानेच लागला नाही. गेमच्या यंत्रातून घरोघर गेलेले प्लेअर, स्टुडिओंची संख्या आणि शेवटी एका स्टुडिओची सही, एवढ्यावर तो लागला.

जिंकणाऱ्याचे राज्यही छोटेच निघाले. जानेवारी 2007 मध्ये, लढाई ऐन रंगात असताना, त्याच नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून थेट सिनेमा दाखवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे तर हे युद्ध फारसे पोहोचलेच नाही. 2007 मध्येच मोझर बेअर कंपनी सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकू लागली होती. त्या भावापुढे शंभर डॉलरच्या प्लेअरचे आणि महाग डिस्कचे कोणाला काय पडले होते! फेब्रुवारी 2025 मध्ये सोनीने घरी रेकॉर्ड करायच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणेही बंद केले.

यातून वाचकाने एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवावी. डिस्क खराब होण्याआधी तिचा प्लेअर बाजारातून जातो. 2008 मध्ये एचडी डीव्हीडी घेतलेल्यांच्या डिस्क कपाटात चकचकीत होत्या, पण प्लेअर बिघडला की नवा मिळणार नव्हता. तुमच्या घरात लग्नाची, मुंजीची किंवा आजीच्या पंचाहत्तरीची व्हीएचएस कॅसेट किंवा डीव्हीडी पडून असेल, तर ती चालवणारे यंत्र कुठे तरी मिळते आहे तोवरच तिची प्रत हार्ड डिस्कवर करून घ्या, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा.